ल्युकेमियाचं क्रोमोसोम पॅकेज: पाचपैकी तीन स्टार

स्टार तीनच देतोय. एक कापला शनिवारच्या नावानं, दुसरा ठळक अक्षरात छापलेल्या एका शब्दासाठी. बाकीचे तीन ज्या बाईंमुळं राहिले त्यांचं तोंडसुद्धा मी बघितलेलं नाही.

लॅबचं नाव घालत नाही. घोळ घातला तो त्यांच्याच माणसांनी, निस्तरला तोही त्यांच्याच माणसांनी. शिवाय नाव घातलं की सगळं खापर सेंटरवरच्या त्या विशीतल्या पोरावर फुटणार हे मला पक्कं माहीत आहे. मुख्य लॅब मुंबईला, कोल्हापुरात फक्त नमुने घ्यायचं सेंटर, एवढं पुरे.

माझा धंदा बाइंडिंगचा. दोन कटिंग मशिन, एक शिलाईचं, तीन माणसं आणि दिवाळीच्या आधी सहा. त्यामुळं कुठलाही छापील कागद हातात आला की मी आधी त्याची पाठ बघतो, मग मजकूर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं रिपोर्टच्या फोल्डरबद्दल बोललो तर हसू नका.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या धाकटीला ताप यायला लागला. साडेचार वर्षांची. ताप जायचा, यायचा. पाय दुखतात म्हणायची, आम्ही म्हटलं वाढीचं वय आहे. नडगीवर निळे डाग दिसले, म्हटलं बालवाडीत पडली असेल. शेवटी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ३८,०००, प्लेटलेट २२,००० आणि खाली ‘ब्लास्ट’, म्हणजे कच्च्या पेशी, असा शब्द. डॉक्टर मॅडमनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. वॉर्डात सगळे एएलएल म्हणतात, दोन दिवसांत आम्हीही म्हणायला लागलो.

शनिवारी दुपारी कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढला. दोन नळ्या भरल्या, एक जांभळ्या टोपणाची, एक हिरव्या. जांभळी हॉस्पिटलनं ठेवून घेतली. हिरवी, एक फॉर्म आणि एका लॅबचा पत्ता माझ्या हातात आला. मॅडम म्हणाल्या, “हे क्रोमोसोमचं आहे. कॅरियोटाइप आणि फिश, दोन्ही करायला सांगा.” हे वाक्य मी रिक्षात तोंडपाठ करत गेलो.

सेंटरवरच्या पोरानं फॉर्म बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी निवडलं, १८,५०० रुपये सांगितले. मी स्कॅन केलं. मग म्हणाला, “काका, आजची पिकअप गेली. आता सोमवारी जाईल.”

“चालतंय का तसं?”

“फ्रिजमध्ये ठेवतो की. चालतंय.”

मी मान हलवून परत आलो. फॉर्मच्या पाठीमागं बारीक अक्षरात छापलं होतं की नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मागची पानं तपासली, त्या दिवशी स्वतःच्या पोरीच्या फॉर्मची तपासली नाही. नळी मंगळवारी सकाळी मुंबईत पोचली. शनिवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मी ती खिशात घालून नेली असती तर रविवारी सकाळी मुंबईत उतरलो असतो. कुणी सांगितलं असतं तर. म्हणून एक स्टार गेला.

उशिरानं एवढं काय बिघडतं ते मला नंतर कळलं. क्रोमोसोम म्हणजे पेशीतली गुणसूत्रं. ती एरवी दिसत नाहीत, पेशी विभागायला लागली की तेवढ्या वेळापुरते आवळून जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. म्हणून लॅबवाले पेशी दिवस-दोन दिवस ३७ अंशांच्या उबेत वाढवतात, विभागणीच्या ऐन मध्यावर औषध घालून त्यांना थांबवतात, क्षाराच्या पातळ पाण्यात फुगवतात, मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड ३:१ घेऊन त्यात पक्क्या करतात आणि काचेवर वरून थेंब सोडतात. मग रंग देतात, की प्रत्येक क्रोमोसोमवर गडद-फिकट पट्टे उठतात. ४६ तुकडे, जोड्या लावून २३. हा झाला कॅरियोटाइप. हेपॅरिनची हिरवी नळी त्यासाठीच, त्यात रक्त गोठत नाही आणि पेशी जिवंत राहतात. पण जिवंत म्हणजे किती दिवस? तीन दिवस नळीत पडून राहिलेल्या पेशी विभागायला नाखूश असतात. त्यातही ल्युकेमियाच्या पेशी जास्तच. शरीरात बेफाम वाढतात आणि काचेच्या बाटलीत टाकल्या की मरगळतात.

इकडं रविवारी रात्रीच स्टिरॉइड सुरू झालं, थांबायला वेळ नव्हता. आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट चांगले उतरले होते. मॅडम म्हणाल्या, पहिली परीक्षा पास. दुसरी क्रोमोसोमची, तिसरी महिना संपताना.

अकराव्या दिवशी रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं. पहिल्याच पानावर जाड ठशात: नॉर्मल फीमेल कॅरियोटाइप.

मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत मेहुण्यानं जोतिबाला नारळ बोलला, थोरल्या भावाचा फोन आला, बायको वॉर्डातल्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा डोळे मिटून झोपली. नॉर्मल म्हटल्यावर अजून काय पाहिजे? काहींनी तर विचारलं, मग आता कीमो बंद करणार का.

सकाळी राउंडला मॅडमनी माझा मोबाइल घेतला आणि बोटानं पीडीएफ खाली सरकवत दुसऱ्या पानावर गेल्या. “सहाच पेशी बघितल्यात,” म्हणाल्या. “वीस बघायच्या असतात. आणि फिश कुठाय?”

आई डबा घेऊन आली होती, ती दचकली. “श्रावणात फिश कसलं गं बाई?” मॅडम हसल्या, त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं हसू. मग आईला त्यांनी नीट सांगितलं की ही माशाची गोष्ट नाही, क्रोमोसोमला चमकते रंग लावून बघायची तपासणी आहे. आई म्हणाली, असं होय. तिला पटलं नाही हे दिसत होतं.

मी मुंबईला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. कस्टमर केअरवाल्या मुलीनं तिसऱ्या वेळी सांगितलं की तुमच्या नोंदीत फक्त कॅरियोटाइप आहे. मी म्हटलं, १८,५०० घेतलेत, पावतीवर ‘पॅनेल’ लिहिलंय. तिचं उत्तर, सिस्टीममध्ये फक्त कॅरियोटाइप दिसतंय सर. म्हणजे पोरानं पैसे पॅनेलचे घेतले आणि तपासणी एकच निवडली. उपाय म्हणून तिनं काय सांगावं? “आम्ही रिपीट फ्री करून देऊ सर, नवीन बोनमॅरो पाठवा.”

हे ‘रिपीट फ्री’ वाचणाऱ्यांनी नीट समजून घ्या. पोरीला पुन्हा सुई हे एक झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की अकरा दिवस स्टिरॉइड आणि कीमो घेतल्यावर ज्या पेशी बघायच्या आहेत त्याच बहुतेक मेलेल्या असतात. पहिल्या दिवशीचा नमुना पहिल्या दिवशीच मिळतो. शर्ट घट्ट झाला तर बदलून देतो, तसला हा फुकटपणा नाही चालत.

मी आवाज चढवला. अशा वेळी माझ्या तोंडून कोल्हापूर निघतं, ते इथं लिहीत नाही. तिनं फोन कुणालातरी जोडला, आणि तिथं या रिव्ह्यूतले तीन स्टार सुरू होतात.

पलीकडं एक सायंटिस्ट मॅडम होत्या, बोलण्यावरून विदर्भाकडच्या वाटल्या. त्यांनी नंबर विचारला, दोन मिनिटं शांतता, मग म्हणाल्या, “तुम्ही मुलीचे वडील का? सहाच पेशी विभागताना सापडल्या, हे बरोबर आहे.”

“मग नॉर्मल कशाला लिहिलंत?”

थोडं थांबून म्हणाल्या, “त्या सहा नॉर्मल होत्या म्हणून.”

मला रागही आला आणि उत्तर आवडलंही. पुढं त्या बोलल्या ते असं, की बोनमॅरोत आजारी पेशींबरोबर थोड्या निरोगी पेशीही असतात. उशिरा आलेल्या नमुन्यात कदाचित त्या निरोगीच तेवढ्या विभागल्या. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही, पण तो कुणाबद्दल आहे हे सांगता येत नाही. हे दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, पहिल्या पानावर असायला हवं होतं. त्यांनी ते मान्य केलं. पण कापलेला दुसरा स्टार परत देत नाही. ‘नॉर्मल’ हा शब्द एवढ्या जाड ठशात छापायचा तर त्याच ओळीत ‘सहा पेशींत’ हे मावत होतं, मी पट्टी लावून बघितलंय.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी मला दहा दिवस कुणी सांगितली नव्हती. “तुमचा नमुना आम्ही टाकून दिलेला नाही. पेशी पक्क्या करून त्यांची पेलेट, म्हणजे तळाला बसलेला गोळा, फ्रिझरमध्ये ठेवलीय. फिश त्याच्यावर होतं. त्याला पेशी विभागायची गरज नसते.”

नवीन सुई नको, नवीन पैसे नकोत. रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवा: ‘फिक्स केलेली पेलेट ठेवलीय का?’ असं विचारा. त्या भाषेत विचारलं की समोरच्याचा आवाज बदलतो.

त्या दिवशी त्यांनी मला वीस मिनिटं दिली. मी बाइंडर आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, पुस्तकात दोन फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची, अदलाबदल झाली तर बाहेरून कळतं का? आता हा प्रश्न मला विचारायचा! एकदा माझ्याच हातून झालंय. एका संस्थेचा अहवाल आणि एका बियाणेवाल्याची पुस्तिका, दोन्ही एकाच मापाची, एकाच कागदावर, एकाच दिवशी टेबलावर. अहवालाचा शेवटचा फर्मा बियाण्यात गेला, बियाण्याचा अहवालात. पाठ सरळ, कटिंग धारेवर, पानांची संख्यादेखील बरोबर. अध्यक्षांनी सभेत उघडलं तेव्हा ताळेबंदाखालचं वाक्य पान उलटून वांग्यात संपत होतं.

“तेच,” त्या म्हणाल्या. ट्रान्सलोकेशन म्हणजे दोन क्रोमोसोम तुटतात आणि त्यांची टोकं एकमेकांना चिकटतात. नऊ आणि बावीसचं झालं तर फिलाडेल्फिया, चार आणि अकराचं वेगळं, एक आणि एकोणीसचं वेगळं. तुकडे लांबी-रुंदीला वेगळे असले तर पट्ट्यांवरून दिसतात. पण बारा आणि एकवीसची अदलाबदल असेल तर दोन्ही टोकांचे पट्टे इतके सारखे, की चांगल्या वीसच्या वीस पेशी मिळाल्या तरी कॅरियोटाइपवर ती सहसा दिसत नाही. एकाच कागदाचे दोन फर्मे. आतलं अक्षर वाचल्याशिवाय कळायचं नाही, आणि ते अक्षर वाचायचं काम फिश करतं. एका जनुकाला लाल चमक, दुसऱ्याला हिरवी. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे ठिपके सुटे दिसतात. जोड लागला असेल तिथं लाल-हिरवं एकमेकांवर येऊन पिवळं दिसतं. साधारण २०० पेशी मोजायच्या.

मी विचारलं, “मग आमच्या पोरीला यातलं काय असलेलं बरं?” असा प्रश्न बापानं विचारावा का माहीत नाही. त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, पण मुलांमध्ये बारा-एकवीसची अदलाबदल निघाली तर आम्हालाही बरं वाटतं. लहान मुलांच्या बी-सेल प्रकारच्या एएलएलमध्ये साधारण चौथ्या हिश्शात ती सापडते आणि बरं होण्याचं प्रमाण खूप चांगलं असतं. क्रोमोसोम ४६ च्या जागी पन्नासच्या वर गेले असतील तर तेही चांगल्यात धरतात. संख्या ४४ च्या खाली गेली तर काळजी. अकराव्या क्रोमोसोमवरचं केएमटी२ए जनुक तुटलं असेल तर काळजी, वर्षाच्या आतल्या बाळांच्या ल्युकेमियात बहुतेक वेळा तेच असतं. फिलाडेल्फिया मुलांत क्वचित, शंभरात तीन-पाच, पण निघाला तर साधारण पंधराव्या दिवसाच्या आसपास एक वेगळी गोळी जोडायची असते.

तो दिवस बारावा होता. दिवस मोजायची सवय वॉर्डात सगळ्यांना लागते.

फिशचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. या वेळी आधी फोन आला, मग पीडीएफ. बीसीआर-एबीएल, म्हणजे नऊ आणि बावीसचा जोड, नाही. केएमटी२ए तुटलेलं नाही. एक-एकोणीसची अदलाबदल नाही. आणि ईटीव्ही६-रन्क्स१, म्हणजे बारा आणि एकवीसचा जोड, २०० पैकी १६८ पेशींत. सोबत एक फोटो होता, काळ्या गोलात निळसर पेशी आणि त्यात ठिपके. एक लाल, एक हिरवा सुटा, आणि एका बाजूला पिवळा, दिवाळीत लांबच्या बिल्डिंगवरच्या माळेतला एक दिवा दिसावा तेवढा. मी मोबाइलवर तो एवढा मोठा केला की चौकोन फुटले.

या पिवळ्या ठिपक्यानं नेमकं काय केलं तेही मी सायंटिस्ट मॅडमना फोनवर विचारून घेतलं. रन्क्स१ हे जनुक रक्तपेशींना पिकवायचं काम चालवतं. त्याला ईटीव्ही६ चं डोकं चिकटलं की जी कामं सुरू करायची तीच ते दाबून ठेवतं. पेशी कच्च्याच राहतात आणि वाढत राहतात. पण एवढ्यानं आजार होत नाही, अजून काही तरी बिघाड नंतर व्हावा लागतो. आणि ही पहिली अदलाबदल पुष्कळदा आईच्या पोटातच झालेली असते. जुळ्या मुलांवरून ते कळलं. एका जुळ्यात झालेला तोच नेमका जोड दुसऱ्यातही सापडला, कारण वार एकच, रक्त एकमेकांत जातं.

इथं बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. पोटात म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. घरात चार तोंडांतून चार गोष्टी निघालेल्या होत्या, पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली, सातव्या महिन्यात एसटीनं माहेरी गेली. तिनं थेट विचारलं, “मॅडम, माझ्याकडून गेलं का हे?”

स्पीकर चालू होता. “नाही ताई. तुमच्याकडून नाही, त्यांच्याकडूनही नाही. हा जोड तुमच्या पेशींत नाही. तिच्या एका पेशीत तो अपघातानं झाला. तुम्ही काय खाल्लं, कुठं गेलात, त्याचा संबंध नाही.”

बायकोनं फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. संध्याकाळी तिनं स्वतः घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: डॉक्टर म्हणाले पपईचा संबंध नाही. त्यावर कुणाचंही उत्तर आलं नाही, अंगठाही नाही. मी तो मेसेज अजून जपून ठेवलाय.

या पॅकेजमध्ये ‘कौन्सेलिंग’ असा शब्द कुठं छापलेला नाही. ते काम त्या मॅडमनी फुकटात केलं.

आता लॅबच्या बाजूनं अजून एक. शेजारच्या मोठ्यांच्या वॉर्डात इचलकरंजीचे एक पाहुणे होते, यंत्रमागावर जॉबर, पन्नाशीचे, आजार तोच. त्यांचा नमुना बुधवारी गेला, याच लॅबला, याच सेंटरमधून, आणि बीसीआर-एबीएलचं उत्तर तीन दिवसांत आलं. आमच्यासारखं काही घडलं नाही. त्यांच्यात फिलाडेल्फिया निघाला. मोठ्यांच्या एएलएलमध्ये तो साधारण चारांत एकाला असतो. पूर्वी ही बातमी फार वाईट समजायचे. आता त्यांना इमॅटिनिब ही फिलाडेल्फियासाठीची गोळी सुरू झाली, कंपनीच्या मूळ नावाची नाही, आपल्याकडं बनलेली. २०१३ च्या १ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं मूळ कंपनीचं पेटंट नाकारलं म्हणून हे शक्य झालं. त्या काळी मूळ औषध महिन्याला लाखाच्या वर होतं आणि इथलं दहा हजारांच्या आसपास. पाहुणे गोळी घेताना दरवेळी पाकिटाची मागची बाजू वाचायचे. मला तो माणूस लगेच पटला.

सायंटिस्ट मॅडमनी त्या फिलाडेल्फियाची गोष्ट जाता जाता सांगितली होती, ती माझ्या दुकानात भिंतीवर लावण्यासारखी आहे. फिलाडेल्फिया शहरात १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड क्रोमोसोम दिसला. तुकडा गळून पडला असेल असं वाटलं. मग शिकागोच्या जॅनेट राउली या बाईंनी क्रोमोसोमचे फोटो घरी आणून जेवणाच्या टेबलावर कात्रीनं कापले आणि जोड्या लावत बसल्या. पोरं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून. त्यातून १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की बावीसचा तुकडा हरवलेला नाही, तो नऊवर गेलाय. कात्री, कागद आणि घरचं टेबल. आमच्या धंद्यातलंच सामान. आता कापाकापी कॉम्प्युटर करतो.

तर, फोल्डर. कुरिअरनं छापील रिपोर्ट आला तो ग्लॉसी आर्ट पेपरवर, परफेक्ट बाइंडिंग करून, म्हणजे पाठीला नुसता गरम गोंद. आठ पानांना ही बाइंडिंग कुणी सांगितली? दुसऱ्यांदा उघडलं आणि फोटोचं पान सुटून हातात आलं. नेमकं तेच पान, जे प्रत्येक डॉक्टर उघडून बघणार. हे हॉस्पिटलांमधून फिरायचे कागद आहेत, दोन पिना मधोमध मारल्या असत्या तर पंधरा वर्षं टिकले असते. मी सगळं सोडवून, पानांना कडेनं पट्ट्या चिकटवून, दोऱ्यानं शिवून, कापडी पाठीची फाइल केली. पुढच्या रिपोर्टांसाठी मोकळ्या पट्ट्या सोडल्या. ओपीडीत एक बाई विचारत होत्या, ही फाइल हॉस्पिटल देतं का.

पैशाचं म्हणाल तर १८,५०० मध्ये जे ठरलं होतं ते शेवटी सगळं झालं. कॅरियोटाइपचे पैसे परत मागितले, ते दिले नाहीत, ‘तपासणी पार पडली’ असं उत्तर आलं. सहा पेशींत पार पडली म्हणायची. माझ्या ई-मेलवर मात्र दुरुस्त रिपोर्ट पाठवला, त्यात पहिल्याच पानावर ‘अपुरा नमुना, सहा पेशी’ असं आलंय आणि फिशचा निकाल त्याच्या वर. जुना रिपोर्टही फाइलमध्ये ठेवलाय, त्याच्यामागं.

डॉक्टर मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं की चांगला जोड निघाला म्हणून औषधं माफ होत नाहीत, खरा निकाल महिन्याच्या शेवटी उरलेल्या पेशी मोजून लागतो. ती तिसरी परीक्षा, एमआरडी. ती ०.०१ टक्क्याच्या खाली आली. ती तपासणी दुसरीकडं केली होती म्हणून तिचे स्टार इथं नाहीत. आता मेंटेनन्स चालू आहे, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणूनची औषधं, रोज रात्री सिक्स-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. गोळी अर्धी करायचं काम माझं, कारण माझा हात सरळ कापतो असं धाकटीचं म्हणणं आहे. केस परत आलेत, पहिल्यापेक्षा कुरळे.

तुमच्यावर वेळ आली तर नमुना सोमवार ते गुरुवारच्या सकाळी निघेल असं बघा, आणि डॉक्टर थांबू नका म्हणाले तर लॅबची पिकअप विसरून स्वतः गाडीत बसा. पावतीवर काय लिहिलंय ते नव्हे, सिस्टीममध्ये काय निवडलंय ते स्क्रीन वळवून दाखवायला सांगा. सेंटरवरच्या पोराला राग येत नाही, मी नंतर दोनदा करून बघितलंय.

परवा एका नातेवाइकाचं रक्त द्यायला त्या सेंटरवर गेलो होतो. पोरगा तोच, त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली. काउंटरच्या मागं नवी पाटी लागली आहे: बोनमॅरोचे नमुने शनिवारी स्वीकारले जाणार नाहीत. लॅमिनेट केलेली आहे, पण टेप वरच्या दोनच कोपऱ्यांना, पंखा लागला की दुमडते आणि ‘शनिवारी’ झाकलं जातं. खालचे दोन कोपरे मी चिकटवून आलो.